हिराआजीची बैठक आणि माझी सफारी

घरात चिंध्यांचं एक गाठोडं आलं की दुसरं आणावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतं. शेजारीण "टाकवत नाही हो" म्हणत आणून ठेवते, मग तिची जाऊ, मग जावेची नणंद. किस्स्यांचंही तसंच. आपण एक सांगितला की समोरचा दोन आणून टाकतो, आणि बघता बघता पलंगाखाली झाडू फिरायला जागा उरत नाही! तेव्हा आज जरा आवराआवर करतो. यात खरं किती आणि माझं किती, ते विचारू नका. पायपुसणं तयार झाल्यावर त्यात बाही कुठली आणि पायजमा कुठला, हे कोणी विचारतं का?

मी राहतो रोह्याजवळ, वरसे गावात. कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल रिजेक्ट केला, शेवटी कंपनीने व्हीआरएस देऊन मलाच रिजेक्ट केलं. घरी बसल्यावर करणार काय? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी शुभाला, म्हणजे बायकोला, पोळ्यांच्या गोलाईबद्दल रिपोर्ट द्यायला लागलो. तिने आठवडाभर ऐकून घेतलं. मग माझ्या हातात क्रोशाची जाड सुई दिली.

"उद्यापासून माझ्याबरोबर हमरापूरला यायचं," ती म्हणाली. "तिथे काय ती गोलाई तपासा!"

*

हमरापूरला मंदाचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मंदा आणि तिचा नवरा मूर्ती करतात, आणि शेडच्या एका कोपऱ्यात आमचं चिंध्यांचं दुकान. मंदा, शुभा, मी आणि आमच्या गुरू नलूताई. नलूताई पेणच्या. बालवाडीतून रिटायर झालेल्या, त्यामुळे माझ्याशी कसं वागायचं ते त्यांना बरोबर ठाऊक!

काम सोपं. जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट यांच्या लांब पट्ट्या कापायच्या, गोळे करायचे, आणि सुईने गोल गोल विणत जायचं. पायपुसणी करायची, खाली टाकून बसायच्या बैठका करायच्या, कोणाचं जुनं विणलेलं फाटलं असेल तर दुरुस्त करून द्यायचं. गोल मोठा होत जाईल तसे टाके वाढवावे लागतात, एवढीच काय ती मेख. जास्त वाढवले की कडेला झालर पडते. कमी पडले की कडा वर उचलतात आणि त्याची वाटी होते.

माझे टाके वाढायचे राहिले बाजूला, होते तेही गळायचे!

माझं पहिलं पायपुसणं नलूताईंनी हातात घेतलं. आपल्या मुठीवर चढवलं. मूठ फिरवून सगळीकडून पाहिलं.

"टोपरं सुरेख झालंय हो भाऊ," त्या म्हणाल्या. "बारसं कुणाचं?"

समोर गणपतींची रांग बसली होती. नशीब, त्यांच्या डोळ्यांची आखणी व्हायची होती, त्यामुळे एकानेही पाहिलं नाही. आखणी सुरू झाली त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे पाठ करून बसतो!

*

दुसरं मी आमच्या जुन्या चादरीचं, मुद्दाम मोठं घेतलं. त्याची टोपली झाली.

शुभाने ती मागच्या पडवीत भिरकावली. शेजारच्या वहिनींची कोंबडी येऊन त्यात बसली, ती उठायचं नाव घेईना. अंडी घातली, उबवली आणि पिल्लं काढूनच उठली. पिल्लं म्हणे पट्ट्यापट्ट्यांची निघाली, एक पिवळी पट्टी, एक चॉकलेटी, थेट आमच्या जुन्या चादरीसारखी. (हे मी स्वतः पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत, त्याला मी काय करू?)

दोन दिवसांनी वहिनी कुंपणावरून ओरडल्या, "भावोजी, अजून एक टोपली करा ना! दुसरी रुसून बसलेय!"

मी छाती फुगवून घरात आलो. "रिपीट ऑर्डर!"

शुभा तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "चला," ती म्हणाली, "कोंबड्यांना तरी तुम्ही पसंत आहात."

*

अशात एके दिवशी शेडच्या दारात हिराआजी उभी राहिली.

हिराआजी खाडीकाठच्या गावची. घरचं मिठागर, आणि ती स्वतः धवलारीण. आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा कुठे हळद हलते. भटजी मागाहून. त्यामुळे आजीचा रुबाब असा, की शेडमधले गणपतीही जरा सरळ बसल्यासारखे वाटले.

तिने डोक्यावरची गुंडाळी उतरवली आणि जमिनीवर पसरली. काय बैठक होती! ज्या ज्या लग्नात आजी गायली, तिथून मानाचं म्हणून मिळालेल्या कापडाचा एकेक फेर. कडेला अलीकडची चमचमती कापडं, आत जावं तशी जुनी सुती पातळं. आणि बरोबर मध्यभागी ताटाएवढं भोक!

"आजी, हे कशानं झालं?" मी चौकशी केली.

"कशानं म्हंजे? बसून!" आजी म्हणाली. "तू कंपनीत इतकी वरसं बसून काय केलंस? मी निदान भोक तरी पाडलाय!"

मी गोळा गुंडाळायला घेतला.

आजीचं म्हणणं असं. तुळशीचं लग्न झालं की तिच्या नातीची, दिपाची हळद. या बैठकीवर बसल्याशिवाय आजीने कधी धवला म्हटलेला नाही, आणि आता म्हणणार नाही. दिपाचं म्हणणं, आजीचा धवला नसेल तर मी हळद लावून घेणार नाही.

"नात माजेवरच गेलेय," आजी कौतुकाने म्हणाली. मग तिने नलूताईंकडे बोट केलं. "आनि आयक. मधी माजे लगनातलं लुगडं व्हतं. तवा मधी घालशील त्ये लगनातलंच कापड घाल. मोडल्या लगनाचं नको. बाजारातलं घातलंस तं मना कलंल. बसलं का कलतं."

नलूताईंनी शब्द दिला. बैठक खुंटीवर टांगली गेली. आजी गेल्यावर प्रश्न आला, लग्नातलं कापड द्यायचं कोणी? नलूताईंचा शालू सुनेला कबूल झालेला. मंदाने आपली लग्नातली साडी कधीच बोहारणीला देऊन टोप घेतलेला.

"आमच्याकडे आहे ना," शुभा म्हणाली. "कपाटात. कव्हरमध्ये."

ती सफारी! वाइन कलरची, माझ्या लग्नातली. दर दिवाळीला मी ती बाहेर काढतो, श्वास आत घेतो, बटण आणि काजं यांची लांबूनच ओळख करून देतो आणि पुन्हा कव्हरमध्ये ठेवतो.

"ती मला व्हायचीय अजून," मी ठणकावलं. "वर्षभरात होईल!"

तिघींनी एकदम माझ्या पोटाकडे पाहिलं.

"भाऊ," मंदा हळूच म्हणाली, "हळद त्याच्या आधी हाय."

*

नलूताईंचा एक कायदा आहे. डोक्यावरचं कापड पायाखाली घालायचं नाही. पदर, फेटा, ओढणी यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवायच्या. त्यांची बैठक होते, पायपुसणं होत नाही.

कायदा मला पाठ होता. पण एकदा पट्ट्या कापून गोळा झाला की पदर कुठला आणि निऱ्या कुठल्या, हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का? ब्रह्मदेवाला नसेल कळत, सासूबाईंना कळतं.

सासूबाई निडीला राहतात. त्यांच्या जुन्या अंजिरी साडीचं पायपुसणं मी मोठ्या हौसेने आमच्या दारात घातलं होतं. (सपाट झालं होतं. कडा शुभाने विणल्या होत्या.) सासूबाई आल्या, एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी ठेवला.

"जावईबापू, ही माझ्या पदरावरची बुट्टी."

"असेल हो. या ना आत."

"पदर तुडवू?"

मी ते उचलायला वाकलो. तेवढा धीर त्यांना कुठला! सत्तरी उलटलेल्या त्या माउलीने निऱ्या सावरल्या आणि उंबऱ्याबाहेरून जी उडी घेतली, ती थेट सोफ्यापाशी! शुभा किंचाळली. मी डोळे मिटून घेतले. उघडून बघतो तर सासूबाई उभ्या राहून आपलेच गुडघे चाचपतायत.

"अगो शुभे," त्या म्हणाल्या, "दुखत नाय!"

आता यायच्या आधी फोन करतात. "ते पायपुसणं घालून ठेव गो दारात. गुडघ्यांच्या गोळ्या संपल्यात."

*

निडीवरून आठवलं. दुपारची रोह्याहून पेणला जाणारी गाडी मोकळी असते. मी दाराजवळच्या सीटवर बसून विणत होतो. लाल कापडाचा गोळा होता. गाडी निडीला थांबली, आणि गोळा मांडीवरून निसटला, दारातून उतरला आणि फलाटावरून टुणटुणत निघाला. निडीला उतरण्यासारखं त्याला काय दिसलं देव जाणे!

टोक माझ्या सुईत अडकलेलं. मी दारात उभा राहून दोन्ही हातांनी पट्टी ओढायला लागलो. वर, खाली, वर, खाली. वाऱ्यावर ती लाल पट्टी फलाटभर फडफडतेय आणि दारात मी हात हलवतोय. आता गाडी सुटेल कशी? मागून गार्डसाहेब चालत आले.

"काका, काय धोका आहे? लाल कशाला दाखवताय?"

"धोका नाही हो. परकर आहे."

"कुणाचा?"

"सासूबाईंचा."

गार्डने फलाटाकडे पाहिलं. तिथे खुद्द सासूबाई उभ्या होत्या. मी या गाडीने जाणार हे माहीत असल्याने माझ्यासाठी वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन आल्या होत्या. सगळा फलाट त्यांच्याकडे बघायला लागला. त्यांनी डबा पदराखाली घेतला.

"मी नाय ओळखत ह्यांना," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

परकर मिळाला. बिरडं गेलं!

*

आमच्या वरसे गावातलीच एक बाई नवऱ्याचे शर्ट घेऊन शेडवर आली. चांगले कडक इस्त्रीचे.

"ह्यांचं पायपुसणं करा. बाथरूमच्या बाहेर घालायचंय."

"फाटलेले नाहीत हो," नलूताई म्हणाल्या.

"नसेनात. कंटाळा आलाय."

"शर्टांचा?"

"शर्टांपासून सुरुवात करते!"

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा हजर. त्याच्या हातात बायकोचे दोन गाऊन. त्यालाही पायपुसणंच हवं होतं, त्यालाही बाथरूमच्या बाहेरच!

नलूताईंनी दोघांचं मिळून एकच केलं. एक फेर शर्टाचा, एक गाऊनचा. न्यायला दोघं एकत्र आली. खाली ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. आधी पाय कोण ठेवणार?

कोणीच ठेवला नाही. आता ते त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलंय. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, "आमच्या दोघांचं आहे." पाय दोघंही लादीवर झटकतात.

तो किस्सा झाल्यापासून शुभा माझ्या कपाटाजवळून गेली, तरी मी उठून बघायचो.

*

आता शेवटचं. तुळशीचं लग्न जवळ आलं, तरी हिराआजीची बैठक खुंटीवरच.

भोक भरायचं म्हणजे कडेचे टाके उचलून आत आत विणत जायचं. नलूताईंनी आधी साध्या चादरीच्या पट्टीवर प्रयोग केला. पण इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, टाके वाढवतच गेला. भोकात कोबीचा गड्डा उगवला! उसवलं. मंदाने घेतलं. तिचा फ्लॉवर झाला! उसवलं. दोघी कपाळाला हात लावून बसल्या.

आणि मग नलूताईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, इकडे या."

"मी काही केलं नाहीये!"

"ठाऊक आहे. आत विणायचं तर फेराफेराला टाके कमी व्हायला हवेत. आम्हाला मोजून गाळावे लागतायत. तुमचे आपोआप गळतात!"

कंपनीतल्या सेंड-ऑफलाही माझ्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. मी बाह्या सरसावल्या. "विणतो. पण कापड दुसरं आणा."

तेवढ्यात दारात दिपा. हातात पत्रिकांची पिशवी, चेहरा उतरलेला.

"काका, आजीनं बोलून टाकलाय, बैठक नाय तं ती मुकी बसेल. आनि मीपन बोलून टाकलाय, धवला नाय तं हळद नाय. आता दोघींना मागं घेता येत नाय. पावन्यांना आवतनं गेली. तुमी कायतरी करा ना!"

मी घरी गेलो. कपाट उघडलं. कव्हर काढलं. श्वास आत घेतला, आणि बटण आणि काजं यांची शेवटची गाठ घालून द्यायचा प्रयत्न केला. दोघांनीही नकार दिला.

मी बाहेर येऊन शुभापुढे कात्री ठेवली.

तिने सफारी मांडीवर घेतली. खाली बसून कापायला लागली. माझी सबंध पँट चिरून जो गोळा झाला, तो मोसंब्याएवढा! तेव्हा मी होतोच तेवढा. मग कोट घेतला. खिशाची शिवण उसवली तर आतून दोन अक्षता निघाल्या. कुंकवाने लाल केलेल्या, अजून लाल. शुभा त्या तळहातावर घेऊन बघत बसली. बघतच बसली. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"बघ," मी म्हटलं, "तेव्हापासूनच भात माझ्या मागे लागलाय!"

ती हसली. डोळे पुसले, अक्षता पट्टीच्या दुमडीत घातल्या आणि म्हणाली, "ह्याही विणा."

विणलं. टाके आपोआप गळत गेले, भोक लहान होत होत मिटलं. फक्त मध्यभाग जरासा फुगला. नलूताईंनी दाबून बघितला, इस्त्री फिरवली, मंदाने एक चांगला दांडगा गणपती त्यावर बसवला. गणपती बसला की सपाट. उचलला की पुन्हा वर! मी क्वालिटीतला माणूस. असा माल माझ्यापुढे आला असता तर मी लाल शिक्का मारला असता.

हळदीला आम्ही चौघंही गेलो. मंडप भरलेला. पाटावर दिपा. वाट्यांत हळद कालवलेली, पण कोणी हात लावत नव्हतं. हिराआजीने बैठक पसरली, मध्यावरून तळहात फिरवला.

"ह्ये कोनाचं?"

"ह्यांच्या लग्नातली सफारी," शुभा म्हणाली.

आजीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मध्ये जरा जास्त वेळ थांबली.

"यो त्यात मावला व्हता?"

"अक्षता पडेपर्यंत!"

सगळा मंडप हसला. दिपा हसली नाही. तिचे डोळे आजीवर खिळलेले. आजी बसली. जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे. डोळे मिटले. मी तिकडे श्वास रोखून उभा, सफारी घालताना रोखतो तसा.

"लगीन मोडलेलं नाय," आजी डोळे न उघडता म्हणाली. "बसाला बरा हाय."

आणि तिने पहिला धवला उचलला. काय आवाज! खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. दिपाच्या गालाला हळद लागली, आणि मग ती रडली. मीही रडलो असतो, पण नलूताई शेजारी होत्या.

हळद लावून झाल्यावर आजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. ती उठली मात्र, बैठकीचा मध्यभाग टुणकन वर आला! आजीने वळून पाहिलं. पायाने दाबला. खाली गेला. पाय उचलला. वर आला.

"बाय गो," आजीने शुभाला हाक मारली, "यो तुजा नवरा उठलं का फुगतो!"

"ठाऊक आहे आजी," शुभा म्हणाली. "म्हणून तर मी उठत नाही!"